आबांचा नारळ आणि तुआसचं हिमयुग

सिंगापूरवर हिमयुग कधी आलंच नाही. त्यामुळे टॅन साहेबांनी ते शेजारच्या मलेशियातल्या जोहोरहून ट्रकने मागवलं.

इलाजच नव्हता. तुआसमधला त्यांचा कारखाना घरगुती विहिरींचे बोअर मारणारी मशिनं बनवायचा, आणि कॅनडाहून ग्रॅहम नावाचं गिऱ्हाईक मशीन पारखायला येणार होतं. ग्रॅहमच्या मुलखात हजारो वर्षांपूर्वी हिमनद्या जाता जाता जो पसारा टाकून गेल्या, तो कुणी अजून आवरलेला नाही. वर घट्ट चिकणमाती, मध्येच म्हशीएवढा धोंडा आणि खाली खडी. पाणी असलं तर त्या खडीत. नसलं तर नाही.

तेव्हा आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, दोन मजली घराइतकी खोल लोखंडी टाकी जमिनीत पुरून तिच्यात हिमयुग भरण्याचं काम पुण्याच्या इंजिनियर चारुदत्तवर आलं. त्याने तळाला खडी ओतली, वर धोंडे रचले, त्यावर चिकणमाती ठोकून ठोकून बसवली, इतकी की वरून ती साधी जमीनच वाटावी. हिमनदीने कधी इतकं नीटनेटकं काम केलं नसेल. राहिलं होतं फक्त पाणी. टाकीत एक पाइप उभा पुरलेला होता, त्यातून बागेच्या नळीने ते तळाच्या खडीत सोडायचं होतं.

चारुदत्तचं हे सगळं जेवताना सांगून होतंय तोच सविताला कल्पना सुचली.

सविता ही चारुदत्तची बायको, माहेर दुष्काळी जत तालुक्यातलं. तिचे वडील, म्हणजे आबा, सध्या बुकित बातोकच्या फ्लॅटवर राहायला आले होते. आबा पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आले, म्हणून त्यांना जमिनीतलं पाणी कळतं अशी पंचक्रोशीची खात्री. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानातून चालायचे. पाण्यावर आले की नारळ उभा राहायचा. पण गेल्या उन्हाळ्यात सख्ख्या धाकट्या भावाच्या रानात नारळ ताठ उभा राहिला आणि बोअरमधून नुसता धुरळा निघाला. भाऊ एका शब्दाने बोलला नाही. तेच आबांना लागलं. तेव्हापासून त्यांनी नारळाला हात लावला नव्हता. चटणीसाठी फोडायचा झाला तरी ते खोलीबाहेर जाऊन उभे राहायचे.

सिंगापुरात त्यांचा वेळ नळांवर लक्ष ठेवण्यात जाई. सविता भांडी घासायला लागली की मागून आवाज यायचा, "धार बारीक कर." एसीतून गळणारं पाणी ते बादलीत धरायचे आणि शेजारच्या चिनी आजींच्या कुंड्यांना घालायचे. आजींना वाटायचं, हा सरकारी माणूस आहे.

"शनिवारी आबांना तुआसला ने," सविता म्हणाली. "बोअर मारायच्या आधी त्यांच्या हातात नारळ दे. अख्ख्या जगात हीच एक जागा आहे, जिथे पाणी लागणारच."

"अगं, ते पाणी मी नळीने सोडणार आहे."

"म्हणूनच तर लागणार!"

"ही फसवणूक झाली."

"आणि तू हिमयुग बनवलंस ते काय?"

दुसऱ्या दिवशी चारुदत्तने टॅन साहेबांना विचारलं.

टॅन साहेबांची हरकत नव्हती. ते स्वतः प्रत्येक नव्या मशिनापुढे संत्री ठेवून उदबत्त्या लावत. नारळाला ते कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? सविताने टेक्का मार्केटातून शेंडीवाला नारळ आणला. आबा मात्र "माझा हात गेला आता" एवढंच म्हणत राहिले. जागा बघून तरी मन वळेल, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी चारुदत्त त्यांना कारखान्यात घेऊन गेला. शेडमागचा नळ त्याने सोडून ठेवला. पाणी रात्रभर खडीत जाणार होतं आणि टाकी पुरेशी भरली की वॉचमन नळ बंद करणार होता. मग आबांना आवारात फिरायला सोडून तो ऑफिसात फोन घ्यायला गेला. परत आला तेव्हा आबांची कळी खुलली होती.

"येतो उद्या," ते म्हणाले. "करमलं मला हितं."

सकाळी चारुदत्तने बघितलं तर नळ बंद होता. भरली टाकी, असं म्हणून तो निर्धास्त झाला.

ग्रॅहम आला. उंच, लाल, पाणी पिताना बाटली संपेपर्यंत न थांबणारा. आबांनी चप्पल काढली, तळहातावर नारळ ठेवला आणि टाकीवरून चालू लागले. नारळ ढिम्म. या टोकाकडून त्या टोकाकडे, परत इकडे. नारळ असा पडून होता, जणू दुपारचं जेवण करून आलाय.

आबा थांबले. "जावईबापू, हितं पानी न्हाय."

चारुदत्त पुढे झाला. "आबा, परत एकदा बघा की. त्या पाइपाजवळ."

"पाइपाजवळ काय हाय?"

"काही नाही. मला आपलं वाटलं."

"नारळ कुनाच्या वाटन्यावर उठत न्हाय."

"चारू," टॅन साहेबांनी कानात विचारलं, "वॉटर गॉट ऑर नॉट?"

"गॉट, गॉट."

"काय म्हनलासा त्येला?" आबांनी विचारलं.

"पाणी आहे म्हणालो."

"न्हाय म्हनून सांगा. ह्या वक्ताला चुकलो तर पुन्यांदा नारळ धरनार न्हाय. पर न्हाय म्हंजे न्हाय."

सांगणं भाग पडलं. ग्रॅहमने भुवया वर केल्या. टॅन साहेबांनी संत्र्यांकडे पाहिलं. मशीन सुरू झालं.

चारुदत्त मध्ये उभा होता. पाणी लागलं तर आबा संपले, आणि बागेच्या नळीने सासऱ्याला हरवणारा इतिहासातला पहिला जावई म्हणून त्याची नोंद होणार. न लागलं तर टॅन साहेब संपले. देवाकडे नेमकं काय मागावं हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्याने देवाला जरा थांबायला सांगितलं.

चिकणमातीची लांब लांब वेटोळी वर आली. मग धोंडा लागला. मशीन करकरलं, दात खात राहिलं, पण तसूभर कललं नाही. धोंडा फुटला, छिद्र पाडणारा बिट खडीत उतरला. सगळे वाकले. हवेच्या झोताबरोबर भस्सकन वर आला तो कोरडा, पांढरा धुरळा.

धुरळा बघून हसणारा पाणाड्या जगात पहिल्यांदाच दिसला असेल. आबा पोटभर हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, ते धुरळ्यामुळे असं ते अजून म्हणतात.

टॅन साहेब खुर्ची शोधत होते. ग्रॅहमने खडीची मूठ भरून घेतली, हुंगली आणि म्हणाला, "मला मशीन विकायला येणारे सगळे पाणी काढून दाखवतात. आमच्याकडची अर्धी खडी अशीच कोरडी असते. माझा आजा झाडाची दुबेळकी फांदी घेऊन पाणी शोधायचा, पण नाही म्हणायची हिंमत त्याला कधी झाली नाही. तुमचं मशीन धोंड्यातून सरळ गेलं. घेतो मी." मग जरा लाजून त्याने विचारलं, "बरोबर असा एक नारळ मिळेल का?"

"ऑफ कोर्स लाह!" टॅन साहेब खुर्चीतून उठले. "स्पेअर पार्ट! फ्री!"

बून ले स्टेशनवर एमआरटीच्या मेट्रोत बसल्यावर आबांनी नारळ मांडीवर घेतला.

"जावईबापू, मानसं चांगली हायती तुमची. पर लई निष्काळजी."

"का हो, आबा?"

"काल शेडमागं नळ तसाच सोडलेला. नळी खुपसलीय जमिनीत, पानी चाललंय फुकट. तुम्ही फोनवर गेलासा आन् मी लगोलग बंद केला."

नारळ खरा निघाला होता. तो खरा निघावा याची व्यवस्था त्याच हातांनी केली होती. हे कुणाला सांगावं, आणि सांगून कुणाचं भलं होईल, हे चारुदत्तला पुढचं स्टेशन येईपर्यंत कळलं नाही.

"बरं केलंत," तो म्हणाला.

"घरी गेलो की धाकट्याला फोन लावतो," आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्येच्या रानाचा वरचा कोपरा बघायचा ऱ्हायलाय. आता हात परत आलाय. तिथं पानी हाय."

चारुदत्तने मान डोलावली, आणि बुकित बातोकपासून जतपर्यंत किती लांब नळी लागेल याचा मनातल्या मनात हिशेब सुरू केला.