दिवेलागणीचं विरजण

"तुमच्या वरच्या मजल्यावर टीव्ही मोठ्याने लागला, की जरा कान द्या," बोरस्ते बाई शाळेच्या फाटकाशी म्हणाल्या, तेव्हा मी सायलीच्या डब्यात डोकावत होते. पोळी परत अर्धीच खाल्लेली. मी नुसतं "हो हो" म्हटलं. बालवर्गाच्या बाईंना आमच्या सोसायटीच्या टीव्हीचं काय पडलंय, असंच मनात आलं.

त्याच संध्याकाळी सायली भातुकली मांडून बसली होती. बाहुल्याला रागावून म्हणाली, "असं नाही! बाबा चिडले की आधी टीव्ही मोठा करायचा असतो."

"का गं?"

"वेदिका म्हणते. म्हणजे तिच्या आईचा आवाज खाली जात नाही."

खाली म्हणजे आमच्याकडे. वेदिका सायलीच्याच वर्गात, आणि आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते. त्या टीव्हीबद्दल मी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारसुद्धा टाकली होती.

मी मुळातच भित्री. सायली शिंकली तरी थर्मामीटर शोधते. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच बाईंना गाठलं.

"पोलिसांना सांगू का?"

"जिवावरचं वाटलं तर ११२ लावायचाच, विचार करत बसायचं नाही. एरवी काहीतरी मागायला जा. विरजण, कोथिंबीर, काहीही. प्रश्न नको, उपदेश नको. दारात माणूस उभं राहिलं की हात थांबतो. आणि खाली कुणीतरी आहे, एवढं वेदिकाच्या आईला, सरिताला, कळू दे. पुढचं मी बघते. शनिवारी माता-पालक सभा लावतेय."

"परवाच तर सभा झाली, बाई!"

"ती पालकांची. ही मातांची. बाबांना येता येत नाही, तोच तर फायदा."

शनिवार उजाडायच्या आधीच वरचा टीव्ही गरजला. सासूबाई देवापुढे दिवा लावत होत्या. मी ओट्यावरची वाटी उचलली.

"कुठे निघालीस?"

"विरजण आणते."

"दिवेलागणीला? लक्ष्मी घरात यायच्या वेळेला कोण देईल दही?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण तोवर मी जिन्यात होते.

दार मयूरने, सरिताच्या नवऱ्याने, उघडलं. इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू. "या ना वहिनी."

"सरिता आहे? विरजण हवं होतं."

"आत्ता? एवढ्या शिकलेल्या तुम्ही, दिवेलागणीला दही देत नाहीत हे माहीत नाही?"

"मग मीठ द्या."

"मीठ तर मुळीच नाही!" तो हसला. मी वाटी धरून दारातच उभी राहिले. दुसरं काय मागावं तेच सुचेना.

मागून चपला वाजल्या. गुडघे धरत सासूबाई वर आल्या होत्या. "मयूर, हिच्या एमएस्सीला दही लागत नाही बघ. सरिताला पाठव खाली, हिला शिकवू दे. मी सांगितलं तर ऐकते का ही? आणि तो टीव्ही बंद कर आधी, माझी आरती राहिलीये."

म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? सरिता वेदिकाचं बोट धरून आली. ओढणी एका गालावर ओढलेली.

जिना उतरताना सासूबाई माझ्या कानाशी लागल्या. "टीव्ही मलाही ऐकू येतो. बहिरी नाहीये मी."

स्वयंपाकघरात मी सरिताला काही विचारलं नाही. माझ्यासारखीला ते फार जड गेलं. ती पातेल्याला हात लावून म्हणाली, "ताई, दूध फार गरम आहे." तिने ते निवायला बाजूला ठेवलं. मग, "शनिवारी शाळेत तुम्ही जाणार ना?"

"आपण बरोबर जाऊ."

सभेत बाई डब्यात काय द्यावं यावर बोलत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, "सरिताताई, वेदिकाची चित्रं शेजारच्या खोलीत आहेत, बघून घ्या." त्या खोलीत महिला-बालविकास खात्याच्या संरक्षण अधिकारी बसल्या होत्या, घरातल्या मारहाणीची तक्रार कोर्टापर्यंत नेणाऱ्या. आमचा चहा झाला, निम्म्या आया घरी गेल्या, तेव्हा कुठे सरिता बाहेर आली. डोळे सुजलेले, पण मान वर.

मयूरने त्या घरापासून लांब राहावं, असा कोर्टाचा आदेश यायला वेळ लागला. तोवर मायलेकी निफाडला माहेरी राहिल्या. बाई वेदिकाचा अभ्यास रोज फोनवर पाठवायच्या. मयूर शाळेत येऊन ओरडला, "आमच्या घरात तुम्ही कोण नाक खुपसणार?" बाईंनी शांतपणे सांगितलं, "तुमच्या मुलीची शिक्षिका."

आता तो दुसरीकडे राहतो, आणि सरिता-वेदिका वर. सरिता कॉलेज रोडला एका दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला जाते. रविवारी पोरींना घेऊन आम्ही गोदाघाटावर जातो, आणि तिखट कमी का म्हणून ती भेळवाल्याशी भांडते. तिला भांडताना बघून मला इतकं बरं वाटतं, की मी मुद्दाम मध्ये पडत नाही.

तुमच्या मुलाच्या वर्गातही एक आई असेल. फाटकाशी कधी थांबत नाही, ग्रुपवर नुसता अंगठा पाठवते. गृहपाठाचं निमित्त काढा आणि तिला आज फोन करा. ती "सगळं ठीक आहे" म्हणेल. तरी उद्या परत करा.