गुडघ्याला, कमरेला, गळ्याला

शुक्रीला पाण्यातून बाहेर काढलं, त्या दुपारी कुंभीपाड्यातल्या माणसांनी पहिल्यांदा विचारलं ते तिच्या दोन मैत्रिणींना. दक्षा पाच वर्षांची, निलम चारची. दोघी खदानीच्या कडेला ओल्या मुरुमावर एकमेकींचा फ्रॉक धरून उभ्या होत्या.

"काय झालं गं? शुक्री पाण्यात गेली कशी?" कोणीतरी ओरडून विचारलं.

दक्षाचं तोंड उघडलंच नाही. निलमनं मात्र दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, मग कमरेवर, मग गळ्याला लावले. बारीक आवाजात म्हणाली, "पाणी आलं गुडघ्याला, म म म. पाणी आलं कमरेला, म म म..."

पुढचं तिला म्हणावं लागलं नाही. पाड्यातल्या घराघरात ते गाणं माहीत होतं. 'चल रे मासा पाण्याला' असं सुरू व्हायचं आणि पाणी गळ्याला आलं, की 'बुडुक!' म्हणत पोरं धपकन खाली बसायची.

गाणं अंगणवाडीतलं होतं. रचलं होतं संगितानं.

संगिता मूळची गंजाडकडची. कुंभीपाड्याची अंगणवाडी ती अकरा वर्षं चालवत होती. त्यातली पहिली आठ वर्षं तिनं वरून सांगितलं तसं केलं होतं. पाटी द्यायची, अक्षर काढून द्यायचं, पोरांनी ते गिरवायचं. पुस्तकातले निम्मे शब्द पोरांनी घरी कधी ऐकलेलेच नसत, कारण घरची बोली वेगळी. पोरं गिरवत आणि खिचडीच्या वासाकडे तोंड करून बसत. शाळेत जाऊन दुसरीपर्यंत पोचली, तरी त्यातल्या कित्येकांना आपलं नाव वाचता येत नसे. मग कासा गावात एक प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेली बाई म्हणाली, "मूल आधी कानानं वाचतं, मग पायानं, डोळ्यानं सगळ्यात शेवटी." बाकीच्या सेविका हसल्या. संगिताला मात्र ते पटलं.

तिनं पाट्या कोपऱ्यात ठेवल्या आणि पाड्याच्या बोलीत गाणी जुळवायला लागली. प्रत्येक अक्षराला एक गाणं, एक हालचाल आणि एक छोटी गोष्ट. 'र' आला की पोरं रान तुडवत खोलीभर धावत. 'क'ला खेकड्यासारखी आडवी चालत. तीन वर्षांत पोरांची तोंडं सुटली. शुक्री त्यातली सगळ्यात चुणचुणीत. एकदा दुकानात मिठाच्या पुडीवर तिला 'म' दिसला, तर तिथंच गुडघ्यांवर हात ठेवून ती नाचायला लागली. दुकानदारानं तिला गूळ दिला आणि ती गोष्ट पाड्यात सगळ्यांना सांगितली.

आता त्याच दुकानदारानं संगिता दिसल्यावर मान फिरवली.

तिसऱ्या दिवशी समाजमंदिरात बैठक बसली. खदान ज्या ठेकेदाराची होती, तो आला नव्हता. त्याचा मुकादम चिमण आला होता. खदान दोन वर्षं बंद होती आणि खड्ड्यात तीन पुरुष खोल पाणी साठलं होतं. भोवती तारेचं एक वेटोळंही नव्हतं. पाड्यातली बोअरिंगची मोटर जळल्यापासून बायका तिथूनच पाणी भरत, तिथंच कपडे धुवत, गुरं तिथंच पाणी पीत. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण चिमण उठला आणि म्हणाला, "खदानीनं पोर बोलावली का? पोर गाण्यानं बोलावली. चल रे मासा पाण्याला! असं शिकवतात का लहान पोरांना?"

मग शुक्रीची आई बुधी उभी राहिली. आठ महिन्यांचं पोर तिच्या कडेवर होतं. तिचा नवरा भिका वाणगावच्या मिरचीच्या वाडीतून मजुरी सोडून आला होता आणि भिंतीला टेकून नुसता जमिनीकडे बघत होता.

"माझी पोर हिनं मारली," बुधी म्हणाली. संगिताकडे तिनं बोट केलं, डोळे मात्र वर केले नाहीत. "हिच्या गाण्यानं मारली."

संगिताला उत्तर द्यायचं होतं. पण तीन रात्री ती स्वतःला तेच विचारत होती. 'बुडुक' हा शब्द तिनंच घातला होता. पोरं हसावीत म्हणून.

आठवड्यानं पर्यवेक्षिका मॅडम गाडीनं आल्या. वाईट बाई नव्हत्या, पण घाबरलेल्या होत्या. "वरून विचारणा झालीय, संगिताताई. यापुढे फक्त पुस्तकातली गाणी, तीही बसून. नाच नाही, बाहेर फिरणं नाही. इथं सही करा." संगितानं सही केली. कोपऱ्यातल्या पाट्या धुऊन पुसून पुन्हा वाटल्या.

सव्वीसपैकी चौदा पोरं येत राहिली, तीही खिचडीपुरती. खोलीत पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज तेवढा होई. निलम त्या दिवसापासून बोलत नव्हती. घरीही नाही, अंगणवाडीतही नाही. तिची आई म्हणे, बाहेरचं काही लागलं असेल. संगिता निलमच्या पाटीवर 'म' काढून द्यायला गेली आणि तिचाच हात थांबला. त्या दिवशी तिनं कुणालाच अक्षर दिलं नाही.

भातकापणी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. पोरांची आहाराची पानं उचलून मदतनीस नवशी मागं भांडी घासत होती. संगिता रजिस्टर लिहीत होती. कोपऱ्यात काहीतरी हललं म्हणून तिनं वर पाहिलं.

निलम गोणपाटावर आडवी झाली होती. दुसरं गोणपाट तिनं अंगावर ओढलं होतं, आणि बाहुली पोटाशी धरून ती खोकत होती. मग महिनाभरात पहिल्यांदाच तिचा आवाज आला, जाड काढलेला, बाईमाणसाचा. "जा गं. डबा भरून आण. मना उठवत नाही. बाळाला पाणी पाहिजे."

दक्षानं खेळण्यातला रिकामा डबा उचलला. "खोल जाऊ नको," गोणपाटाखालून निलम म्हणाली.

दक्षा निघाली. खोलीभर फिरून दाराजवळ आली, उकिडवी बसली आणि डबा वाकवला. डबा तिनं मुद्दाम हातातून सोडला. तो घरंगळत पुढे गेला. ती त्याच्यामागं एक पाऊल गेली. गुडघ्यांवर हात. आणखी एक पाऊल. कमरेवर हात. मग गळ्याला. मग ती जमिनीवर पालथी पडून राहिली. 'बुडुक' कोणीच म्हटलं नाही. निलम गोणपाटातून उठून बसली, दक्षाकडे बघत राहिली. मग दोघी पुन्हा पहिल्यापासून खेळायला लागल्या.

संगितानं पेन खाली ठेवलं. शुक्री मासा व्हायला गेलीच नव्हती. ती पाणी आणायला गेली होती. आणि निलमनं त्या दुपारी गाणं म्हटलं नव्हतं, जे पाहिलं ते सांगितलं होतं. सांगायला तिच्याजवळ दुसरे शब्द नव्हते.

मागं दारात नवशी ओल्या हातांनी उभी होती. तिनंही सगळं पाहिलं होतं.

"आता सांग गावाला," नवशी हळूच म्हणाली. "तुझ्यावरचा आळ जाईल. त्या चिमणचं तोंडपण बंद होईल."

संध्याकाळी संगिता बुधीच्या घरी गेली. सांगायचंच, असं ठरवून गेली होती. भिका पुन्हा वाणगावला गेला होता. बुधी पोराला मांडीवर घेऊन चुलीपुढे बसली होती, चूल पेटलेली नव्हती. संगिता उंबऱ्याशी टेकली.

"बुधी, तुला त्या दिवशी ताप होता का?"

"पोरींनी सांगितलं?" बुधीनं विचारलं.

"सांगितलं नाही. खेळत होत्या."

"थंडी वाजत होती. पाय धरत नव्हते," बुधी म्हणाली. "हा रडत होता. ती रोज यायची माझ्याबरोबर, वाट पाठ होती तिला. मना वाटलं, एक डबा तर आणायचा." तिनं पोराला जवळ ओढलं. "भिकाला माहीत नाही. त्याला कळलं तर तो मना ठेवणार नाही. ठेवलं तरी मी राहायची नाही, ताई. तोच खड्डा आहे."

हे तिनं रडत सांगितलं नाही. उद्याच्या कामाचं बोलावं तसं सांगितलं, आणि म्हणूनच संगिता घाबरली. मांडीवरचं पोर आईच्या केसांशी खेळत होतं.

"मी कोणाला सांगायला आलेली नाही," संगिता म्हणाली. घरातून निघताना हे वाक्य तिच्या मनात नव्हतं.

नवशीलाही तिनं गप्प राहायला लावलं. नवशी चिडली. "मग तू कशाला मरतेस तिच्यापायी?" पुढच्या ग्रामसभेत संगितानं खदानीला कुंपण मागितलं, तेव्हा चिमणनं नुसतं तोंडातल्या तोंडात म्हटलं, "चल रे मासा पाण्याला," आणि पुरुषांत हसू फुटलं. खरं बोलली असती, तर ते हसू तिथंच मेलं असतं. ती खाली बसली. कुंपणाचा विषय पुढं ढकलला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाट्या वाटल्या नाहीत. चौदाही पोरांना रांगेत घेऊन ती खदानीच्या वाटेनं निघाली. पाण्यापासून पन्नास पावलांवर तिनं सगळ्यांना उभं केलं. नवशी कुरकुरत का होईना, चुन्याची बादली घेऊन आली होती. पोरांनी दगड गोळा केले, वाटेवर आडवे लावले, चुन्यानं पांढरे केले. मधल्या मोठ्या दगडावर संगितानं लिहिलं : थांब.

"हा 'थ'," ती म्हणाली. "थ आला की पाय जमिनीत रुतले. दोन्ही हात पुढं. पाठीमागून कोणी हाक मारली, घरून आयसनं पाठवलं, डबा वाहून चालला, तरी पाय निघायचे नाहीत."

गाणं नव्हतं त्याला. नुसताच ठेका होता, टाळ्यांचा. पोरं पळत यायची आणि दगडांपाशी गच्च थांबायची. पंधरा दिवस रोज. पंधरा दिवसांनी निलमनं त्या दगडावर बोट ठेवून वाचलं, "थां-ब."

तिनं वाचलेला तो पहिला शब्द.

कोणीतरी फोटो काढून पाठवला. मुलांना धोक्याच्या जागी नेलं म्हणून नोटीस आली, आणि नोटिशीमागून दुसरं पत्र. महिनाअखेर अंगणवाडीचा कारभार सोडायचा. नवी सेविका येईपर्यंत नवशीनं नुसता आहार द्यायचा.

शेवटच्या आठवड्यात संगिता एकटीच दगडांना चुना द्यायला गेली. बेमोसमी सरीनं तो धुपला होता. बुधी कपड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन पाण्याकडून येत होती. मोटर अजून जळलेलीच होती. ती दगडांच्या पलीकडे थांबली. दोघींमध्ये ती पांढरी रेघ.

"काय लिहिलंय?" बुधीनं विचारलं.

"थांब."

बुधी त्या अक्षरांकडे बघत राहिली. डोक्यावरच्या बोचक्यातून पाणी तिच्या गालावर, मानेवर ओघळत होतं. तिनं ते पुसलं नाही.

"माझ्या शुक्रीला वाचता आलं असतं?"

कुठलंही उत्तर त्या बाईला पुरणारं नव्हतं. संगितानं खरं तेच सांगितलं.

"नाही गं. 'थ'पर्यंत आम्ही पोचलो नव्हतो."

बुधीनं मान हलवली. एका हातानं बोचकं सावरत, तिनं दगडांवरून पाय टाकला आणि पाड्याकडे चालू लागली. संगितानं बादलीत ब्रश बुडवला. अजून अकरा दगड राहिले होते.