फाळक्यावरचा हात

"बाबा, गाडी आधी बाजूला घ्या," जावई फोनवर म्हणाला. "घेतली का? मग सांगतो."

मी ब्रेक दाबला. मागून टायर घासल्याचा आवाज आला. पिकअपच्या हौद्यात शाळेच्या एकोणीस खुर्च्या होत्या, त्या एकमेकींवर आदळल्या. मागचा मोटारवाला उतरून माझ्या खिडकीशी आला.

"ओ काका, ब्रेकलाइट लागत नाहीत तुमचे! माझा जीव जायचा होता आत्ता!"

त्याच वेळी फोनमध्ये जावई सांगत होता की आई गेल्या. मला दोन्ही ऐकू आलं. मी त्या माणसाला म्हणालो, "चुकलं माझं." फोन कानालाच होता. जावई म्हणाला, "यात तुमचं काय चुकलं, बाबा?"

माझी बायको चार दिवस दवाखान्यात होती. 'उद्या सोडतील' असं आम्हाला वाटत होतं, म्हणून मी कामावर गेलो होतो.

अकरा वर्षं आमचा एक नेम होता. सकाळी मी केबिनमध्ये बसून ब्रेक दाबायचो आणि ती मागे उभी राहायची. फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या झाकणावर, दोन थापा मारायची आणि ओरडायची, "लागले!" मग मी निघायचो. ब्रेकलाइट एकट्या माणसाला बघता येत नाहीत. पाय केबिनमध्ये आणि दिवे मागे.

दीड महिना गाडी दारात उभी होती. मग पासिंगची, म्हणजे आरटीओच्या तपासणीची, तारीख आठवड्यावर आली. मुलीचा फोन आला.

"पासिंग झालं नाही तर विकून टाका आता. आणि इकडे या. खोली आहे."

"खोलीत बसून काय करू?"

"तिथे बसून काय करताय?"

"ब्रेकलाइट लागत नाहीत, ते बघतोय," एवढंच म्हणालो. गाडी गेली असती तर मला सकाळी उठायला कारण उरलं नसतं. हे मुलीला सांगण्यासारखं नव्हतं.

मी एक लाकडी पट्टी मापात कापली. तिचं एक टोक ब्रेकच्या पेडलवर टेकवलं, दुसरं सीटला अडकवलं आणि मागे जाऊन पाहिलं. दिवे लागले नव्हते. बल्ब काढून पाहिले, आतल्या तारा शाबूत होत्या. फ्यूज चांगला होता. तरी दोन्ही बदलले. पुन्हा पट्टी लावली, पुन्हा मागे गेलो. दिवसभर असा पुढेमागे चालत होतो. संध्याकाळी लक्षात आलं की सकाळपासून मी कोणाशी एक शब्दही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याने पेडलवरचा स्विच बदलला. हौद्यात ठेवलेली हत्यारं काढली, फाळका धाडकन लावला आणि मला ब्रेक दाबायला सांगितला.

"लागले की हो! स्विचच गेला होता."

तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी लावून मागे गेलो. दिवे बंद.

गाडीवर हात ठेवून तसाच उभा होतो. समोरच्या टपरीतला चावीवाला इतका वेळ बघत होता. तो उठून आला.

"दादा, तीन दिवस तुमची परेड बघतोय. बसा आत. मी सांगतो मागून."

मी बसलो. ब्रेक दाबला.

"नाही लागले," तो ओरडला. मग म्हणाला, "थांबा, वहिनी मारायच्या तशी मारून बघतो."

फाळक्यावर दोन थापा बसल्या. पाठीत काहीतरी लागल्यासारखं झालं. आरशात तो हसताना दिसला.

"लागले!"

मी खाली उतरलो. "त्या थापा 'लागले' म्हणून सांगायला असायच्या," मी म्हणालो.

"छे हो. दिवे लागण्यासाठी असायच्या. वहिनी आधी मारायच्या, मग वाकून बघायच्या, मग ओरडायच्या. एखाद्या दिवशी चार-चार माराव्या लागायच्या. रोज समोरून बघतोय ना मी."

मग मला आठवलं. ती म्हणायची, "अहो, थाप बसल्याशिवाय चालत नाही ही. मालकाकडूनच शिकलीय." मला वाटायचं, नेहमीसारखा टोमणा मारतेय. मी गाडी सुरू करून निघून जायचो. तिने किती वेळा सांगितलं असेल, ते मी मोजलेलं नाही.

सतरंजी टाकून गाडीखाली शिरलो. फाळक्याच्या बिजागरीजवळ, हौद्याच्या खाली, पुढून आलेली वायर मागच्या दिव्यांच्या वायरला जोडलेली होती. जोड सैल झाला होता, आतली पिन हिरवी पडली होती. धक्क्याने टेकायची, धक्क्याने सुटायची. रस्त्यात कितीदा सुटली असेल, देव जाणे. अकरा वर्षांत मागून कोणी ठोकलं नाही, हे नशीबच. पिन घासली, जोड दाबून बसवला, वर चिकटपट्टी गुंडाळली. दहा मिनिटांचं काम होतं.

चावीवाला म्हणाला, "दाबा."

दाबला. थाप पडली नाही.

"लागले, दादा!"

पासिंगच्या दिवशी साहेबाने मागे उभं राहून ब्रेक दाबायला सांगितला. पाय पेडलवर ठेवून मी थापांची वाट बघत राहिलो. त्यानेच हाक मारली, "अहो, सोडा आता. ठीक आहे." मग कागदावर शिक्का मारत म्हणाला, "बॉडीला रंग द्या. फाळक्याचा तर पार उडालाय."

फाळक्याचा सगळीकडचा उडालेला नाही. उजव्या बाजूला, तिच्या खांद्याच्या उंचीवर, तळहाताएवढा पत्रा उघडा पडलाय. इतकी वर्षं मला वाटायचं, माल चढवताना घासला असेल.

मुलीला फोन करून सांगितलं, पासिंग झालं, गाडी विकत नाही. ती म्हणाली, "लाइट रोज बघत जा मात्र."

"बघतो. पट्टी आहे."

रंगाचा डबा आणला. केबिन झाली, दोन्ही बाजू झाल्या. डब्यात अजून रंग आहे. फाळका तेवढा राहिलाय.