अक्काताईनं न चाखलेला रस

“फसवलंस तू मला. अठ्ठावीस वर्सं नुसतं झुलवत ठेवलंस.”

पातेल्यात काळ्या मनुका रटरटत होत्या आणि अक्काताई पळीनं त्या दाबत समोरच्या भिंतीला बोलत होती. ख्रिस्ती देवळामागच्या त्या स्वयंपाकघरात दुसरं माणूस एकच, दारात बसून काचेचे इवले पेले पुसणाऱ्या एस्तेरबाई.

“कुणाला शिव्या घालालीस गं?”

“हाय एक. ऐकून घेतोय, पर बोलत न्हाय.”

एस्तेरबाई काय ते समजल्या. उद्या महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा नि रसाचा घोट घ्यायचा. त्याचा रस दर महिन्याला अक्काताईच करायची.

“गोडी बघ की जरा.”

“तुमीच बघा.”

“अगं, अजून साधं मनुकांचं पाणी हाय ते. पाळकसाहेबांची प्रार्थना व्हायची हाय त्यावर. जिभंला लागलं तर काय फाशी देत्यात व्हय?”

“पयला घोट घेतला तर तिथं घेणार. न्हायतर न्हाय.”

बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती न झालेल्यानं तो रस प्यायचा नसतो. म्हणून अक्काताई मागच्या बाकावर बसायची, पेल्यांचा ट्रे हातात आला की शेजारणीकडं सरकवायची, आणि उपासना संपल्यावर तेच पेले धुवायची.

नोकरी होती सरकारी कचेरीत शिपायाची. बेल वाजली की साहेबाला पाणी. तोंडानं कुणी कधी पाणी मागितलंच नाही, नुसती बेल. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या एका गुड फ्रायडेला बाजारातून येताना ऊन सोसेना म्हणून ती या देवळात टेकली, तर आत कुणीतरी सांगत होतं की खिळ्यांनी ठोकलेल्या देवानं मरताना पाणी मागितलं आणि लोकांनी त्याच्या तोंडाला आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षरस, लावली. अक्काताई जागची हलली नाही. देव असून तोंड उघडून पाणी मागतो? आणि ते घेऊन जायला आपण तिथं नव्हतो? त्या दिवशी जे जिवाला लागलं ते लागलंच.

तेव्हाच्या पाळकांना तिनं बाप्तिस्मा मागितला. ते म्हणाले, “राखीव जागेवरची नोकरी तुमची. आमच्या वहीत नाव चढलं की जातीचा दाखला गेला, पाठोपाठ नोकरी. रिटायर व्हा, मग बघू.”

नवरा वारलेला, लेक रुचिता कडेवर. ती थांबली. बौद्ध धर्मात गेलेल्या भावकीचे दाखले शाबूत राहिले. ख्रिस्ताकडं गेलं की मात्र माणसाची जात पुसली जाते, असं कागद म्हणतो. वस्तीतल्या नळावर पुसली जात नाही, गावात पुसली जात नाही, फक्त कागदावर पुसली जाते. हे कुणाच्या सोयीचं आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनं निवृत्तीची वाट बघितली. गेल्या मेमध्ये निवृत्त झाली. उद्या तिचा बाप्तिस्मा ठरला होता.

आणि याच आठवड्यात रुचिताची सरकारी नोकरीत निवड झाली. राखीव जागेवर.

दुपारी पाळकसाहेब चपला दाराशी काढून आत आले. “रुचिताचं कळलं. फार आनंद झाला. जात पडताळणीवाले चौकशीला कधी येणार?”

“बुधवारी. घर बघणार, देव बघणार, शेजाऱ्यांस्नी इच्यारणार.”

“मग उद्याचं जरा पुढं ढकलूया. आईचं नाव आमच्या वहीत निघालं तर पोरीची नेमणूक अडकेल.”

“वहीत लिवू नगा. नुसतं डोक्यावर पाणी घाला.”

“न लिहिता दिला तर लपूनछपून बाटवलं म्हणून कोणीतरी तक्रार करेल. दिवस बरे नाहीत, अक्काताई. प्रभूच्या वेळेवर भरवसा ठेवा.”

“ही येळ प्रभूची न्हवं सायेब, कचेरीची हाय. पस्तीस वर्सं काढल्यात मी तिथं. वळखतो मी तिला.”

एस्तेरबाईंनी हसू पदराखाली दाबलं. पाळकसाहेब हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. पण दारात आडवा उभा राहायला भित्रा माणूसही पुरतो.

“किती दिवस?”

“पडताळणी होईपर्यंत. वर्ष, दीड वर्ष.”

“आन मग तिच्या पोरांचं दाखलं काढायचं आसतील, तवा?”

पाळकसाहेबांनी चपलांत पाय घातले.

संध्याकाळी रुचिता इचलकरंजीहून शिकवण्या घेऊन आली. ऐकलं आणि पिशवी आपटली. “तू घे उद्या बाप्तिस्मा. माझं मी बघेन.”

“काय बघणार हाईस? सात डाव परीक्षेत नापास झालीस, आठव्याला निगालीस. गप जेव.”

“आयुष्यभर तुझ्या आडवी येऊ काय मी?”

“तू न्हाईस आडवी. जे आडवं हाय ते लई मोटं हाय. भाकरी एक का दोन?”

रुचिता रडत जेवली. अक्काताईनं भिंतीवरचा लाकडी क्रूस काढला, जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. भिंतीवर त्याचा पांढरा ठसा उमटून राहिला होता. तिनं दूधसंस्थेचं कॅलेंडर आणून त्यावर टांगलं, दोन पावलं मागं सरून बघितलं. ठशाचं एक टोक बाहेर येत होतं. खिळा काढून बोटभर वर ठोकला.

रविवारी मागच्या बाकावर ट्रे आला. पेल्यांतला रस जांभळाकाळा दिसत होता. शेजारची दीपा हात पुढं करून बसली होती. अक्काताईनं ट्रे दिला नाही. मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून बसली. पुढचे लोक वळून बघायला लागले. पेटीवाल्यानं बोटं थांबवली.

“अक्काताई,” पाळकसाहेब वेदीजवळून हळूच म्हणाले, “पुढं द्या.”

ती ट्रे घेऊनच उभी राहिली.

“भिऊ नगा, मी घेत न्हाय. थांबायचं तर थांबतो मी. पोरीसाठनं थांबतो, माज्या खुशीनं. पर तुमी प्रभूचं माणूस म्हणवून घेतासा, तर एवढं त्याला इच्यारून सांगा.” तिनं ट्रे छातीशी धरला. “त्याला मी पायजे हाय का न्हाय? व्हय म्हणा, न्हायतर न्हाय म्हणा. तवर ह्यो ट्रे हितनं हलत न्हाय. बोला.”