सपाट तुंबा

खिशातल्या शिक्क्याची मूठ मांडीला टोचत होती. बांबूच्या चार कामट्या आणि वर काळ्या चिंधीचं गाठोडं. ती चिंधीसुद्धा ओबिरीने मामाच्याच पसाऱ्यातून पळवलेली, कारण नव्या चिंधीला नवेपणाचा वास येतो, आणि मामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असला तरी नाक अजून पोलिसाच्या कुत्र्याचं होतं... खिशात हात घालून त्याने शिक्क्याच्या रेघा बोटाने चाचपल्या. मधला देठ, दोन्ही बाजूंना पानं, डावीकडचं तिसरं पान आखूड. मामाचं नेचं, तुंब्याच्या कवचावर कोरून तो कापडावर छापायचा ते. मामाच्या प्रत्येक नेच्याचं ते पान आखूड असतं. का, ते कुणी विचारलं नाही, मामाने सांगितलं नाही. सॉफ्टवेअरने मात्र ते पान बघून नाक मुरडलं होतं, सारखं करून देऊ का म्हणून विचारलं होतं, आणि ओबिरीने पडद्याकडे बघून मोठ्याने म्हटलं होतं, "गप बस रे, तुझ्या बापाचा शिक्का आहे का?"

मामाच्या गावात, न्टोन्सोत, परत यायच्या आधी त्या नेच्याला अख्खं जग ओलांडावं लागलं होतं — तुंब्यावरून कापडावर, कापडावरून फोनमधल्या फोटोत, फोटोतून कंप्युटरच्या रेघेत, रेघेतून त्याच्या मशीनच्या फिरत्या कटरखाली. मशीन म्हणजे तीन भंगार प्रिंटरचे दांडे, चार मोटरी, एक बोर्ड आणि दोन वर्षांचे रविवार. बाकी सगळे वार तो टीव्ही दुरुस्त करायचा. तुंब्याचा तुकडा गोल, मशीन सपाट. म्हणून त्याने सगळ्यांत मोठ्या तुंब्याच्या कुशीतला तुकडा काढला, उकळत्या पाण्यात ठेवला, वर दगड ठेवून दोन दिवस दाबला. सपाट! वा रे पठ्ठ्या! शिक्का झाला, आणि दुसऱ्याच दिवशी विजेने चार वेळा ये-जा केली आणि जुना कंप्युटर एक कडू वास सोडून मेला.

तर आता नवा घ्यायचा होता. आज. बारापर्यंत. कुमासीच्या बाजारात जुने कंप्युटर विकणाऱ्या सेरवाने दोन बाजूला काढून ठेवले होते आणि सकाळपासून तिचे तीन फोन झाले होते.

"मास्टर, दोन्हींची गिऱ्हाईकं समोर उभी आहेत माझ्या. कुठला ठेवू?"

"दोन्ही ठेव ना राणी."

"राणी घरी. बारा म्हणजे बारा."

एक होता मळकट पांढरा, गवंड्याच्या विटेसारखा जड टॉवर. मागे जुन्या प्रिंटरचं पंचवीस भोकांचं तोंड, म्हणजे ओबिरीचा बोर्ड थेट त्यात बसणार. त्यावर जुनं, बिनडोक, प्रेमळ सॉफ्टवेअर चाललं असतं... रेघ दे, खोली सांग, मी जातो. इंटरनेट नको, काही विचारणं नाही. दुसरा लॅपटॉप, चपटा, चकचकीत, वीज गेली तरी तासभर तग धरणारा. त्यावरचं सॉफ्टवेअर वस्तू हवेत फिरवून दाखवायचं, गोल पोटावर रेघ नेसवायचं. पण बोर्ड बदलावा लागणार, सगळं पुन्हा शिकावं लागणार, आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी... टॉवरकडे मन ओढत होतं. टॉवर त्याच्यासारखाच होता. जाडा, आवाज करणारा, जुन्या ओळखीचा.

सकाळी कोकोची, आंबवलेल्या पेजेची, वाटी पुढ्यात ठेवताना अफ्रिये म्हणाली होती, "कंप्युटर निवडतोयस का लेकीला नवरा? नवरा तरी लोक यापेक्षा लवकर निवडतात. मी तर तुला एका दुपारी निवडलं."

"म्हणून तर बघ काय मिळालं."

"तेच म्हणतेय. म्हणून विचार कर, पण जरा पटपट."

कुठला घ्यायचा ते खरं तर या खिशातल्या शिक्क्यावर होतं. मामाचा हात ईस्टरपासून थरथरत होता. तेव्हापासून त्याने एकही शिक्का कापला नव्हता. छापताना हात चालायचा, पण सुरी धरली की सुरीच नाचायची. आणि तुंबा काय दगड नाही, दोन-तीन वर्षांत रेघा झिजतात, कडा तडकतात. टोपलीतले शिक्के एकेक करून जाणार होते, आणि टोपली रिकामी झाली की मामा... तो विचार ओबिरी पुढे जाऊ देत नसे, तिथेच एखादी गंमत करून टाकत असे. आत्ताची गंमत अशी, की मशीनचा शिक्का गुपचूप टोपलीत टाकायचा. मामाने तो आपला म्हणून उचलला, छापला, तर झालं! टॉवर घ्यायचा, आणि मामाला कळूही न देता टोपली भरलेली ठेवायची, जन्मभर. त्याच्या जन्मभर. आणि नाही उचलला तर? तर लॅपटॉप, आणि सगळं पहिल्यापासून.

मामाचं अंगण सालीच्या उकळत्या काढ्याने, छपाईच्या शाईने, कडवट झालं होतं. मामा गोणपाटाच्या गादीवर ताणलेल्या तांबड्या कापडासमोर बसला होता. शनिवारच्या मयतीला लोकांनी अंगावर घ्यायचं कापड.

"कोण? क्वामे?"

क्वामे म्हणजे मामाचा भाऊ. जाऊन अकरा वर्षं झाली.

"मी ओबिरी, मामा."

"हां, ओबिरी. पावलं क्वामेसारखी टाकतोस, माझी चूक काय?" हसला. दात चार. "ये. काय चोरायला आलास?"

"ठेवायला आलोय," असं तोंडावर आलं होतं. त्याऐवजी तो वाकला, मामाचा हात हातात घेतला, आणि दुसऱ्या हाताने, पाठीमागून — चाळीस वर्षांचा सराव! याच टोपलीतून त्याने लहानपणी शिक्के पळवून आजीच्या पांढऱ्या कोंबडीवर नेचं छापलं होतं, आणि मार खाताना कोंबडीपेक्षा जास्त ओरडला होता — शिक्का टोपलीत सरकवला. आवाज नाही. छातीत मात्र भोंगा वाजत होता.

मामाची बोटं टोपलीत गेली. थरथरत. एक शिक्का चाचपला, ठेवला. दुसरा. मग ती काळी चिंधी... बोटं थांबली. नेच्याच्या रेघांवरून अंगठा फिरला, आखूड पानाशी आला, तिथे जरा रेंगाळला. मग शिक्का काढ्यात बुडाला, झटकला गेला, कापडाच्या कडेच्या चिंधीवर टेकला, आणि मामाचं मनगट नेहमीसारखं झुललं, अलीकडून पलीकडे, जसं पाळण्यातल्या बाळाला एक झोका द्यावा तसं.

टक.

अरे देवा. टक! मामाचे शिक्के कधी वाजत नाहीत. तुंब्याला पोट असतं, ते कापडावरून लोळत जातं, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, आणि ओली रेघ न पसरता उठते. हे मी जन्मापासून बघत आलोय, मी, गाढवाने, आणि दोन दिवस दगडाखाली दाबून ते पोटच काढून टाकलं! चिंधीवर नेच्याच्या दोन्ही बाजूंची पानं जाड पसरली होती. मधला देठ नव्हताच.

मामाने चिंधी डोळ्यांजवळ नेली.

"हा मी कापला होता," तो म्हणाला, "तू जन्मलास त्या वर्षी."

ओबिरीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही नाही. स्वच्छ पाटी.

"देठ उठला नाही, मामा."

"नाहीच उठायचा. त्या वर्षी तुंबे सपाट आले होते." मामाने शिक्का पुन्हा बुडवला. "पाऊसच तसा होता."

ओबिरीला हसू फुटता फुटता राहिलं. हा थट्टा करतोय. नक्की करतोय, माझंच मला परत देतोय, म्हातारा लबाड... पण मघाशी मला क्वामे म्हणून हाक मारली, आणि परवा अफ्रियेला विचारलं, तुझी आई येणार आहे का, आणि अफ्रियेची आई जाऊन... आणि खरंच वाटत असेल तर? खरंच त्याला कुठेतरी सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचं अंगण दिसत असेल, सपाट तुंब्यांचं, आणि त्यात तो सुरी घेऊन बसलाय, हात दगडासारखा स्थिर... मशीनचं पोर त्याने आपलं म्हणून मांडीवर घेतलं असेल, तर हेच तर हवं होतं ना मला? मग हसू कुठे गेलं?

"बस इथे," मामा म्हणाला. "धर. मी मारतो तसा मार."

ओबिरीने मूठ धरली. वर मामाचा हात आला, कोरडा, हलका, बोटांच्या टोकांशी थरथरणारा. मनगट झुललं, आणि झुलताना थरथर थांबली. पार थांबली. टक. उचलल्यावर पुन्हा सुरू. दुसऱ्यांदा झुललं, थरथर थांबली. टक.

"आवाज करतो साला," मामा म्हणाला.

"जुना आहे ना," ओबिरी म्हणाला. "तुम्हीच कापलाय."

"हो तर. माझाच."

खिशातला फोन वाजायला लागला. सेरवा. बाराला पाच मिनिटं कमी. त्याने फोन काढला, अंगठ्याने पडद्यावर ओढलं, पण अंगठा काढ्याने काळा आणि चिकट झालेला, पडदा काही ऐकेना, एक काळा पट्टा मात्र सेरवाच्या नावावरून आडवा गेला. तो अंगठा पँटीला पुसू लागला. मग पुसायचा थांबला.

फसवायला आलो होतो मी. पण आता उन्हात या गोणपाटावर बसून, मामाच्या गुडघ्याला गुडघा लावून, त्याला स्वच्छ कळलं की चाळीस वर्षांत मामाला फसवावं असं त्याला स्वतःला एकदाही वाटलं नव्हतं. पकडलं जावंसं वाटलं होतं. दर वेळी. त्या कोंबडीच्या वेळीसुद्धा तो पळाला होता तो हळूच, मागे बघत.

फोन वाजतच होता. त्याच्या रिकाम्या हाताचं मनगट मांडीवर आपोआप झुलत होतं, अलीकडून पलीकडे, आणि त्याचं डोकं, भंगार प्रिंटरांचं ते डोकं, मोजत होतं... या झोक्याची त्रिज्या किती, किती हात लांबीचा दोर बांधला तर असा वळेल, कटरला असा झुलवायचा तर त्याला काय काय समजवावं लागेल, आणि समजवणार कोण, कुणाला...

"ओबिरी," मामा चिंधीवरून नजर न काढता म्हणाला, "पुढच्या वर्षी तुंबे कसे येतील रे?"

"पोटाचे येतील, मामा," ओबिरी म्हणाला. मग त्याने मामाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या स्वच्छ पाटीवर एक हसरी रेघ उमटतेय, का उमटल्याचा भास होतोय...