भिंतीला पाठ

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतल्या कामगाराने खुर्ची ओढत मागे नेली, पाठ भिंतीला टेकेल अशी ठेवली आणि मगच तो बसला. चौकशी समितीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. लॉन्ड्रीची सुपरवायझर बाई मागून येऊन शर्टात ओले हात घालते, अशी त्याची तक्रार होती.

"ओरडला का नाहीस?" अध्यक्षांनी विचारलं.

"मशीनच्या आवाजात कोण ऐकणार, साहेब? ज्यांनी पाहिलं, त्यांनी टाळ्या पिटल्या."

"अरे, नशीब काढलंस की!" समितीतला एकजण म्हणाला.

सगळे खो खो हसले. समितीतल्या मेट्रनबाईंनाही हसू आवरलं नाही. वॉर्डातल्या एखाद्या पोरीने हेच सांगितलं असतं, तर त्यांनी सुपरवायझरचा बाजार उठवला असता. पण हा चांगला धिप्पाड गडी! तो मानेवर तळवा दाबून बसून राहिला. निकाल उद्यावर गेला.

संध्याकाळी जेवताना मेट्रनबाईंनी ही गंमत धाकट्या भावाला रंगवून सांगितली. भाऊ नेहमीसारखा भिंतीला चिकटून बसला होता. घरात त्याला 'पाल' म्हणत, आणि तोही मुकाट्याने ऐकून घेई.

आज तो हसला नाही.

"ताई, ती त्याला म्हणाली असेल, 'सांग जा कुणाला सांगायचं ते. हसतील.'"

मेट्रनबाईंच्या अंगावर काटा आला. तो कामगार अगदी हेच बोलला होता, शब्दाला शब्द. हसण्याच्या भरात त्यांचं तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

"तुला कसं कळलं?"

 भावाचा डावा तळवा मानेवर गेला होता. पहिली नोकरी तो आठवड्याच्या आत सोडून आला, तेव्हापासूनचा हा चाळा. मालकीण किती मायाळू, आणि हा कामचुकार, असं तेव्हा सगळं घर म्हणालं होतं. सगळ्यात जास्त तोंडसुख मेट्रनबाईंनीच घेतलं होतं. आता त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष खोलीत आले, तेव्हा भिंतीला लागून दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीवर लॉन्ड्रीतला कामगार बसला होता.

"तक्रारदार तर एकच आहे. दुसरी कुणाची?" अध्यक्ष हसत म्हणाले.

"माझी," मेट्रनबाई म्हणाल्या आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. तिथून सगळ्यांची हसरी तोंडं एकदम समोर दिसत होती.