कडीमायला वाटेकरी

चष्म्याच्या दुकानाला सुट्टी असली की मागच्या डोळे तपासायच्या खोलीत देव उतरायचे. भिंतीवर मोठ्याची बारीक होत जाणारी अक्षरं, कोपऱ्यात वरखाली होणारी खुर्ची आणि मधल्या टेबलावर नकाशा, फासे आणि बिस्किटांचा चुरा. डोळे तपासायचं काम ताईचं, म्हणून खोलीची किल्ली तिच्याकडे. खेळाची सूत्रधारही तीच. किल्ला कुठे, राक्षस किती, कोण मेलं, कोण वाचलं, हे ती सांगणार. बाकीच्यांनी एकेक सोंग घेऊन त्या जगात वावरायचं आणि अडलं की फासे टाकायचे.

टिल्लू तिचा पाठचा भाऊ. सहा फुटी, चाळिशी ओलांडलेला, कवळ्या बनवणारा माणूस, पण ताईने ठेवलेलं नाव काही त्याच्याबरोबर वाढलं नाही. खेळात तो कडीमायचा पुजारी होता. कडीमाय म्हणजे दारांची देवी. कुठलं उघडावं आणि कुठलं मिटावं, हे तिच्या हाती. नियमांच्या कुठल्याही पुस्तकात ती सापडायची नाही. लहानपणी आईवडील या दोघांना घरात ठेवून बाहेरून कडी लावून कामाला जात आणि टिल्लू भोकाड पसरे. एके दिवशी ताईने चष्मा काढला, आवाज जाड केला आणि म्हणाली, "मी कडीमाय. घाबरू नकोस, मी दारात बसलेय." टिल्लूचं रडं जागच्या जागी थांबलं. तेव्हापासूनची ही रीत. चष्मा डोळ्यांवर असेल तर ताई, काढला की कडीमाय.

धाकट्या भावाला देवाशी देणंघेणं नव्हतं. तो तलवार घेऊन दिसेल त्या भोकात घुसायचा आणि बिस्किटं संपवायचा. त्यामुळे इतकी वर्षं देवी एकट्या टिल्लूची होती.

मग धाकट्याचं लग्न झालं आणि त्याची बायकोही खेळायला येऊ लागली. तिने सोंग घेतलं चोरटीचं. टिल्लूने मोठ्या मनाने कवळीच्या प्लास्टरमधून तिला बोटभर बाहुली कोरून दिली. मोठं मन तिथेच संपलं, कारण पहिल्याच कुलपापाशी ही बया हात जोडून म्हणाली, "कडीमाय, दारं तुझीच ना? मग एवढं एक उघड. आत फार पसारा करणार नाही मी."

ताई खो खो हसली आणि तिने चष्मा काढला.

टिल्लूच्या अंगाचा तिळपापड झाला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, त्यासुद्धा देवीने स्वतः दिलेल्या! त्यानंतर तर दर खेळाला हेच. टिल्लू शुद्ध भाषेत, डोळे मिटून, नेमाने प्रार्थना करी, देवी म्हणे, "ऐकलं, भक्ता." चोरटी म्हणे, "माय, बघ की जरा," आणि देवी तिच्याशी गप्पा मारत बसे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं टिल्लूने कवळ्या घासता घासता स्वतःला शंभरदा ऐकवलं. घरी जाताना ताई भावजयीच्या खांद्यावर हात टाकून चालायची, तेही त्याला दिसायचंच. सरळ सांगायचं तर त्याच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर औषध नव्हतं.

एक औषध होतं. या खेळात पुजाऱ्याला एक हक्काचं मागणं असे. सगळ्या खेळात एकदाच. देवाला नाही म्हणता येत नाही आणि दिलेलं परत फिरवता येत नाही. टिल्लूने ते वर्षानुवर्षं राखून ठेवलं होतं, मरणाची वेळ आली तर असावं म्हणून. त्या दुपारी कोणी मरत नव्हतं. चोरटी नुसती एका दारापाशी वाकली होती आणि ताईचा हात चष्म्याकडे चालला होता.

"मला माझं मागणं मागायचंय," टिल्लू म्हणाला. "कडीमाय, आजपासून तू फक्त माझ्याशी बोलायचं. दुसऱ्या कोणाशीही नाही."

"हे काय मागणं झालं, दादा?" धाकटा म्हणाला. "मला वाटलं, अख्खा किल्ला मागशील!"

ताईने चष्मा काढला. मग म्हणाली, "दिलं."

खेळ पुढे सरकला. चोरटी आत शिरली आणि मागे दार धाडकन बंद झालं. समोर दोन साखळ्या. एक ओढली तर दार उघडणार, दुसरी ओढली तर खोलीत नदी सुटणार.

"कडीमाय..." भावजयीने हात जोडले. ताईचा चष्मा हलला नाही.

"अगं हो की. आता माझ्याशी बोलायची नाही ती." भावजय टिल्लूकडे वळली. तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "मग दादा, तुम्हीच विचारा ना माझ्यासाठी."

टिल्लूला ते आवडलं. फार आवडलं. त्याने ऐटीत प्रार्थना म्हटली. देवी आता एकट्या त्याच्याशी बोलणार, म्हणून त्याने कान पुढे केला. ताईने चष्मा काढला आणि त्याच्या कानाशी आली.

"उजवी," ती कुजबुजली. "आणि तिला सांग, घाबरू नकोस म्हणावं, मी दारात बसलेय."

ते वाक्य त्याचं होतं. सगळं वाटून घ्या, देवी घ्या, ताई घ्या, पण ते वाक्य बंद दाराआड रडणाऱ्या टिल्लूचं होतं. इतक्या वर्षांत तिने ते त्यालाही पुन्हा ऐकवलं नव्हतं.

"काय म्हणाली?" भावजयीने विचारलं.

"डावी," टिल्लू म्हणाला.

तिने डावी ओढली. नदी सुटली. पोहायला फासे टाकले, ते कमी पडले. पुन्हा टाकले, पुन्हा कमीच. धाकट्याने बाहेरून दारावर तलवार आपटून पाहिली. थोड्या वेळाने ताई हळू म्हणाली, "बुडाली." उजवी की डावी, हे ताईला ठाऊक होतं. पण देवीचं बोलणं सूत्रधाराने फोडायचं नाही, हाही नियमच होता. ती मूग गिळून बसली.

मग तिने चष्मा काढला आणि टिल्लूच्या कानाशी वाकली. "बोलायला एकटा तूच ठेवलास मला," ती म्हणाली. "आता मी कोणाशी बोलू रे?" आणि चष्मा परत घातला.

भावजयीने प्लास्टरची बाहुली रुमालात गुंडाळली. तिचे डोळे भरले होते आणि स्वतःच्याच वेडेपणाचं तिला हसूही येत होतं.

"खेळच आहे, पण वाईट वाटतं हो," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा मला या घरात कोणाशी काय बोलावं ते कळायचं नाही. या देवीशी तेवढं बोलता यायचं." मग तिने टिल्लूकडे पाहिलं. "दादा, तुमच्या कानात तर ती बरंच बोलत होती. नुसतं 'डावी' एवढंच म्हणाली?"

धाकट्याने बिस्किटाचा पुडा खाली ठेवला.

"म्हणाली, घाबरू नकोस," टिल्लूने सांगितलं. "म्हणाली, मी दारात बसलेय. तुला सांगायला सांगितलं होतं."

"मग दार का नाही उघडलं तिने?"

"उघडणार होती. उजवी म्हणाली होती ती. डावी मी सांगितलं."

टिल्लूने ताईकडे पाहिलं. तिने चष्मा काढावा आणि निदान रागाने तरी 'भक्ता' म्हणावं, असं त्याला फार वाटलं. पण चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता आणि त्यातून तिला टिल्लू अगदी स्वच्छ दिसत होता.